घोट मोजायचे दिवस: बेरिॲट्रिक सर्जरीनंतरचे पहिले सहा आठवडे

बेरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायची सर्जरी. ती होऊन घरी आलेल्या पेशंटला उत्सुकता असते वजनाची. फॉलोअपच्या फोनवर नर्स मात्र वजनाचा विषयही काढत नाही. ती विचारते, काल पाणी किती गेलं, लघवी किती वेळा झाली आणि तिचा रंग कसा होता. पहिल्या सहा आठवड्यांच्या खऱ्या कामांचा क्रम तिच्या प्रश्नांपासूनच सुरू होतो: आधी पाणी, मग प्रोटीन, मग व्हिटॅमिनं. वजन या काळात आपलं आपण उतरतं.

आत नेमकं काय झालंय ते डोळ्यांसमोर असलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. या सर्जरीचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे स्लीव्ह आणि (जठराचा) बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि १०० ते १५० मि.ली. मावेल एवढी अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मि.ली.ची पिशवी करतात आणि लहान आतडं तिला जोडतात. दोन्हींत स्टेपल लाइन, म्हणजे कापलेली कड पिनांनी बंद केलेली रेघ, ताजी असते आणि आतून सूज असते. पहिल्या आठवड्यात साधं पाणीही छातीत अडल्यासारखं वाटतं ते या सुजेमुळे. ती उतरत जाते तसे घोट सोपे होतात.

पाण्याचं गणित असं. औषधाचा ३० मि.ली.चा मापाचा कप घ्या आणि तो १५ मिनिटांत संपवा. तासाला १२० मि.ली. झाले. दिवसाचे १४ तास जागे असाल तर १,६८० मि.ली. होतात, आणि उद्दिष्ट दीड ते दोन लिटरचंच असतं. म्हणजे आकडा गाठता येतो, पण मध्ये दोन तास झोप लागली किंवा कुणी भेटायला आलं की राहिलेलं पाणी नंतर एकदम पिऊन भरून काढता येत नाही. सकाळपासून मागे पडलेला माणूस संध्याकाळी मोठे घोट घेतो, ते उलटतात आणि होतं तेही जातं. मोबाइलवर दर १५ मिनिटांचा गजर लावणं कंटाळवाणं असलं तरी त्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

पाण्याचं तापमान बदलून बघा. काहींना गार पाणी टोचतं आणि कोमट सहज जातं, काहींचं नेमकं उलट. साध्या पाण्याची चव कित्येकांना अचानक धातूसारखी लागते. तसं झालं तर लिंबाचे चार थेंब, साखर नसलेला फिका चहा किंवा गाळलेलं पातळ सूप चालतं. हे सगळं पाण्याच्या हिशेबात धरायचं. सोडा आणि फसफसणारी पेयं नकोत, कारण गॅसला जायला आत जागाच नाही. स्ट्रॉने पाण्याबरोबर हवा आत जाते आणि घोटाचा अंदाजही राहत नाही, म्हणून बहुतेक सर्जन तोही नको म्हणतात.

घरी गेल्यावर पुन्हा दवाखान्यात यावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत डिहायड्रेशन फार वर आहे. त्यात एक फसवं चक्र असतं. मळमळतं म्हणून माणूस पीत नाही, आणि पाणी कमी पडलं म्हणून मळमळ वाढते. लघवी गडद आणि थोडी, जीभ कोरडी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, अशी चिन्हं दिसली तर त्याच दिवशी फोन करा. उलटीसाठी जिभेवर विरघळणारी गोळी आधीच लिहून दिलेली असेल तर ती वापरायला संकोच करू नका. २४ तास पाणी पोटात टिकत नसेल तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. सलाइन लागणारच आहे.

आता खाण्याबद्दल. टप्पे साधारण असे असतात: पहिला दिवस-दोन दिवस पारदर्शक द्रव, मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दाट द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटून एकजीव केलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचं. प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि तुमच्यासाठी तुमच्याच सर्जनचा खरा. दुसऱ्या कुणाला दहाव्या दिवशी अंडं चाललं म्हणून तुम्ही घेऊ नका. त्याची सर्जरी वेगळी असेल, किंवा त्याचं नशीब.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या आठवड्यात होतो. दुखणं गेलेलं असतं, ताकद परतू लागलेली असते आणि माणसाला वाटतं, आता काय हरकत आहे? स्लीव्हमध्ये जठराचा जो फुगीर भाग काढतात, तिथेच भूक जागवणारं घ्रेलिन हे हॉर्मोन मुख्यतः तयार होतं. त्यामुळे खरी भूक जवळजवळ नसते, पण खाण्याची आठवण असते, टीव्हीसमोर हात चालवायची सवय असते. त्या भरात पावाचा तुकडा, भात किंवा चिकनचा कोरडा धागा तोंडात जातो. पाव आणि भात ओले झाले की गोळा होतात, कोरड्या मांसाचा धागा तुटत नाही. मग तो घास अडकतो. छातीच्या हाडामागे दाब येतो, तोंडाला दाट फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी फेस उलटून पडतो.

अशा वेळी वरून पाणी पिऊन घास ढकलायचा मोह होतो. पण वाट बंद असताना वर पाणी साठतं आणि कळ वाढते. खाणं थांबवा, उभे राहा, खोलीत सावकाश चाला. बहुतेकदा तासाभरात सुटतं. त्यानंतर दोन-तीन तास काही नको, मग पाण्याचे घोट, आणि पुढचा दिवसभर पुन्हा द्रव. स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर मात्र दवाखाना.

तृप्तीची खूणही बदललेली असते. पोट भरल्याची जुनी जाणीव येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. अनेकांना पहिली सूचना नाकातून पाणी येऊन, एखाद्या उचकीने किंवा शिंकेने मिळते. विचित्र वाटेल, पण ती ओळखायला शिका आणि चमचा तिथेच खाली ठेवा, अर्धा घास उरला असला तरी. लहान चमचा, २० ते ३० वेळा चावणं, एका जेवणाला २० ते ३० मिनिटं. घन खाणं सुरू झालं की जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तास नाही.

प्रोटीनचं दिवसाचं लक्ष्य ६० ते ८० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम साध्या दह्यात ३ ते ४ ग्रॅम. एवढ्याशा पोटात या हिशेबाने ६० गाठणं पहिल्या महिन्यात शक्यच नाही, म्हणून पावडर. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनच्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम मिळतात. ते २०० मि.ली. पाण्यात कालवून तासभर घोटघोट घ्यायचं. सर्जरीनंतर काहींना दूध पचेनासं होतं. पोट गुडगुडलं, जुलाब झाले तर व्हे आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज ही दुधातली साखर फार कमी असते. डब्यावरची साखर वाचा. बायपासनंतर गोड पेय भराभर आतड्यात उतरतं आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. यालाच डंपिंग म्हणतात. पहिल्या आठवड्यात ६० ग्रॅम बहुतेकांना जमत नाहीत आणि त्यावरून घाबरायचं कारण नाही. पाणी आणि प्रोटीन यांत निवड करायची वेळ आली तर पाणी.

औषधांकडे वळू. वेदनेसाठी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या बायपासवाल्यांनी कायमच्या विसरायच्या, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. स्लीव्हवाल्यांनीही सर्जनला विचारल्याशिवाय नाहीत. दाढ दुखली म्हणून घरातल्या डब्यातली गोळी सहज घेतली जाते, तेव्हा तो डबा आजच चाळून ठेवा. सिगारेटनेही तोच अल्सर होतो. ॲसिड कमी करणारी गोळी पित्ताचा त्रास नसला तरी सांगितलेले महिने पूर्ण घ्या. पित्ताशय शाबूत असेल तर वजन भराभर उतरताना खडे होण्याचा धोका असतो, म्हणून पुष्कळांना अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड सहा महिने देतात. मोठ्या गोळ्या कुटून घ्यायला सांगतात, पण पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल ती कुटायची नाही. अशी गोळी हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं.

डायबेटिसची आणि ब्लड प्रेशरची जुनी चिठ्ठी घरी आल्यावर तशीच चालू ठेवणं धोक्याचं आहे. खाणं एवढं कमी झाल्यावर पूर्वीच्या डोसच्या इन्सुलिनने किंवा ग्लिमेपिराइडने शुगर धोकादायक खाली जाते, आणि लघवीची गोळी डिहायड्रेशनमध्ये भर घालते. डिस्चार्जच्या कागदावर नवे डोस लिहिलेले आहेत ना, ते निघण्यापूर्वी पाहा. गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) असलेल्यांनी हेही विचारून ठेवावं की झटका आला तर घ्यायचं काय. या आठवड्यांत झटका येऊ शकतो आणि त्याची नेहमीची वेदनाशामकं आता बंद असतात.

व्हिटॅमिनांत मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी आणि कॅल्शियम ठरलेली. लोह अनेकांना, विशेषतः पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपासवाल्यांना. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कारण कार्बोनेटला विरघळायला ॲसिड लागतं आणि ते आता कमी आहे. दिवसाला १,२०० ते १,५०० मि.ग्रॅ., पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून विभागून. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

थायमिन म्हणजे बी१, त्याबद्दल जरा सविस्तर. शरीरात याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. सर्जरीनंतर उलट्या लांबल्या की तो संपतो आणि मेंदूला इजा होते: दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं. वेळेवर दिलं नाही तर ही इजा कायमची राहू शकते. उलट्यांमुळे सलाइन लावायची वेळ आली आणि तिथले डॉक्टर तुमच्या सर्जरीच्या टीममधले नसतील, तर स्पष्ट सांगा की बेरिॲट्रिक सर्जरी झाली आहे आणि ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन हवं. ग्लुकोज वापरताना शरीर उरलंसुरलं थायमिनही खर्च करतं. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

खांदा दुखणं दोन प्रकारचं असतं आणि हा फरक घरच्यांनाही माहीत हवा. दुर्बिणीच्या सर्जरीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, त्रास होतो आणि तो जाणवतो खांद्यात. हे दुखणं पहिले दोन-तीन दिवस असतं आणि चालण्याने कमी होतं. पण बरं वाटू लागल्यावर नव्याने डावा खांदा दुखू लागला, सोबत ताप, धाप, वाढती पोटदुखी असेल तर स्टेपल लाइनमधून गळती असू शकते. नाडी हे तिचं फार लवकर दिसणारं लक्षण. शांत पडून असताना ठोके मिनिटाला १२० च्या वर राहत असतील तर ताप नसला, पोट मऊ असलं तरी थेट दवाखान्यात जा. स्लीव्हची गळती बऱ्याचदा घरी गेल्यावरच कळते, म्हणून पहिले काही आठवडे सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून लिहून ठेवा.

एका पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागून छातीत टोचलं, तर रक्ताच्या गाठीची शंका घ्या. गाठी टाळायला जागेपणी दर तासाला उठून पाच मिनिटं चाला, आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिली असतील तर ती घरी आल्यावरही पूर्ण करा. लांबचा प्रवास या महिन्यात नको. काळी, डांबरासारखी शी होत राहिली आणि चक्कर येत असेल तर रक्तस्राव तपासावा लागतो. सर्जरीनंतर एखाद-दोनदा गडद शी होणं, किंवा लोहाच्या गोळीने ती काळपट दिसणं, वेगळं.

जखमा छोट्या असतात आणि फारसा त्रास देत नाहीत. ज्या छिद्रातून जठराचा तुकडा काढला ते बाकीच्यांपेक्षा जास्त दुखतं, एवढंच. चार-पाच किलोंच्या वर वजन चार ते सहा आठवडे उचलू नका. झोपेत सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) वापरत असाल तर चालू ठेवा, वजन उतरलं म्हणून मनाने बंद करू नका. बद्धकोष्ठता बहुतेकांना होते, कारण खाणं कमी, पाणी कमी आणि वर लोह. दोन-तीन दिवस शी झाली नाही तर आश्चर्य नाही, त्यापुढे सौम्य औषध विचारून घ्या. आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी: वजन उतरताना गर्भ राहण्याची शक्यता वाढते, बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, आणि १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. डॉक्टरांशी हे बोलणं आत्ताच करा.

राहिला वजनकाटा. पहिल्या दोन आठवड्यांत तो झरझर खाली येतो, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास शरीर त्यातलं थोडं पाणी परत धरतं आणि काटा एका जागी बसतो. नेमक्या त्याच दिवसांत अनेकजण खाणं आणखी कमी करतात; मग प्रोटीन घसरतं आणि थकवा वाढतो. वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर. काटा तीन-चार आठवडे हललाच नाही, तर रोजचं पाणी आणि प्रोटीन लिहिलेली वही घेऊन डायटिशियनकडे जा.