आइन्स्टाइन आडनावाच्या मागावर: उल्म ते बाड बुखाऊ

गावावरून पडलेलं जर्मन आडनाव ओळखायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. ओपनहाइमचा तो ओपनहाइमर, वेर्टहाइमचा वेर्टहाइमर. शेवटचा ‘अर’ म्हणजे आपला ‘कर’च. आइन्स्टाइन मात्र या साच्यात बसत नाही. ‘आइन’ म्हणजे एक, ‘श्टाइन’ म्हणजे दगड, म्हणून ‘एकदगडे’, असा अर्थ सर्रास सांगितला जातो. आडनावांच्या अभ्यासकांचा कल वेगळा आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘दगड रचून हद्द घालणे’ या अर्थाचं क्रियापद होतं, त्याच्याशी ते हे नाव जोडतात. म्हणजे दगडी कुंपणाच्या आवारात राहणारा तो आइन्स्टाइन. नाव जगाला पाठ, पण जर्मनीच्या टेलिफोन यादीत शोधायला जावं तर मोजकंच सापडतं. त्याचं घर दक्षिण जर्मनीत, फेडरझे तळ्याकाठच्या बाड बुखाऊ या छोट्या गावात आहे. उल्मला मुक्काम ठेवला की दोन दिवस पुरतात.

निघण्याआधीची तयारी प्रवासापेक्षा मोठी आहे. पहिली चूक नकाशापाशी होते. जर्मन आडनावांच्या प्रसाराचे बरेच नकाशे 2005 च्या आसपासच्या लँडलाइन नोंदींवर बेतलेले आहेत. एका घराला एक जोडणी, त्यामुळे माणसांचा आकडा त्याहून बराच मोठा असतो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: नकाशा आज नाव कुठे आहे ते दाखवतो, ते कुठून निघालं ते नाही. शेतकऱ्याचं आडनाव चार पिढ्या एकाच खोऱ्यात राहतं, तिथे हा नकाशा उपयोगी पडतो. ज्यू आडनावाला तो दगा देतो. व्यूर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे उल्म-बुखाऊच्या या जुन्या राज्यात, ज्यूंना 1864 मध्ये समान हक्क मिळाले, खेड्यातली कुटुंबं उल्म, श्टुटगार्ट, म्युनिकला गेली. नंतर अमेरिकेला जाणारे गेले, आणि 1933 नंतर पळून जाणं किंवा छळछावणी. मूळ गाव नकाशावर कोरं दिसू शकतं, आणि तरीही मूळ तिथेच असतं.

म्हणून कागदांकडे वळायचं. संपूर्ण जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली. जन्माची नोंद 110 वर्षांनी, विवाहाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षांनी नोंदणी कार्यालयातून अभिलेखागारात जाते. त्याआधी ती मागायची तर थेट वंशज असल्याचा पुरावा लागतो. नुसती उत्सुकता चालत नाही. अर्जात ‘आइन्स्टाइन कुटुंबाची माहिती हवी’ असं लिहू नये. पूर्ण नाव, गाव, सालाचा टप्पा आणि कोणती नोंद हवी, एवढंच लिहावं. 1876 च्या मागे जायचं तर व्यूर्टेम्बर्गमधल्या ज्यू समाजाच्या नोंदवह्या श्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात ‘जे 386’ या संग्रहात आहेत आणि त्या घरबसल्या पाहता येतात. त्या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या प्रती आहेत, काही पानं काळवंडलेली निघतात. त्यात कुटुंब-नोंदवही हातात आली तर तीच आधी उघडावी: एका कुटुंबाला एक पान, आईबाप वर, मुलं खाली. लिपी मात्र कुरेंट, जुनी जर्मन मोडीच म्हणा ना. आजचं जर्मन उत्तम येणाऱ्यालाही ती वाचता येत नाही. महिनाभर रोज थोडा सराव करून जावं.

शोधताना सगळ्यात जास्त घोटाळा स्पेलिंगचा. बुखाऊतला मूळ पुरुष बारूख मोझेस 1665 मध्ये बोडेनझे तळ्याकाठच्या वांगेनहून तिथे आला, आणि त्याचं आडनाव रोमन ‘ए’पासून सुरू होतं, ‘ई’पासून नव्हे. या भागातल्या जुन्या, श्वाबियन बोलीच्या लेखनात असं चालायचं. ‘ई’ टाकून शोधणाऱ्याला सतराव्या शतकात काहीच सापडत नाही आणि तो चुकीच्या गावाकडे वळतो. 1828 च्या कायद्याने व्यूर्टेम्बर्गच्या ज्यूंना कायमचं आडनाव सक्तीचं झालं, पण या घराण्याकडे ते तोवर दीडशेहून अधिक वर्षं होतंच.

उल्मला अर्धा दिवस पुरे. आल्बर्ट आइन्स्टाइन 14 मार्च 1879 ला इथे बानहोफश्ट्रासवर जन्मला आणि पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला गेलं. घर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. त्या जागी माक्स बिलचं दगडी शिल्प आहे. तिथली स्मृतिपाटी कलकत्ता आर्ट सोसायटीमार्फत भारतीय जनतेने दिलेली भेट आहे, ती चुकवू नये. जुन्या शस्त्रागारासमोरचं जीभ बाहेर काढलेल्या आइन्स्टाइनचं कारंजं सगळे बघतात, पण तिथल्याच भिंतीवर एक सुटा दगड बसवलाय, नाव ‘आइन श्टाइन’. कोशकारांना पटणार नाही, पण कोटी झकास आहे. शहरात आइन्स्टाइनच्या नावाचा रस्ता होता, 1933 मध्ये नाझींनी तो तत्त्वज्ञ फिख्टेच्या नावाचा केला, युद्धानंतर पुन्हा मूळ नाव आलं.

दुसरा दिवस बुखाऊचा, आणि तो आठवड्यातला कामाचा दिवस असावा. शनिवारी ज्यू दफनभूमीत जायचं नसतं, रविवारी बस तुरळक. उल्महून फ्रीडरिशहाफेनच्या दिशेची प्रादेशिक गाडी घेऊन बाड शुसनरीडला उतरायचं, तिथून बसने साधारण 10 किलोमीटर. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याचं दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच, आणि वेगवान आयसीईत अजिबात नाही. म्युनिकहून येणाऱ्यांचं बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्याचं तिकीट उल्मपर्यंतच. पुढचं वेगळं काढावं लागतं. परतीच्या बसची वेळ उतरतानाच टिपून घ्यावी.

दफनभूमी गावाच्या कडेला आहे. फाटकाला कुलूप असू शकतं, म्हणून नगरपालिकेला किंवा पर्यटन कचेरीला आठवडाभर आधी लिहून किल्लीचं विचारून ठेवावं. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी चालते. फुलं नेऊ नयेत. कबरीवर खडा ठेवण्याची पद्धत आहे.

इथे आडनाव शोधणारा हमखास चुकतो. जुन्या दगडांवर आडनावच नसतं. ‘अमुक बेन तमुक’, म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढंच हिब्रूत. आडनाव येतं ते एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मजकुरात, बहुतेकदा खाली किंवा पाठीमागच्या बाजूला. तेव्हा प्रत्येक दगड दोन्ही बाजूंनी पाहावा. साल हिब्रू अक्षरांत असतं आणि हजारांचा आकडा गाळलेला असतो. उरलेल्या आकड्यात 1240 मिळवले की इसवी सन येतो: 607 म्हणजे 1847, आल्बर्टचे वडील हेरमान याच गावात जन्मले ते साल. मात्र हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, त्यामुळे तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना एक वजा करायचा. दोन उघडे पंजे कोरलेले असले तर पुरोहित वंश, सुरई असली तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या सेवेकऱ्यांचा वंश. अक्षरं झिजलेली असतील तर खडू, ब्रश, पाणी यांपैकी काहीही वापरू नये, दगडाचा पापुद्रा निघतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर प्रकाश आडवा पडतो, तेव्हा फोटो काढावा. दुपारी बारा वाजता दगड सपाट दिसतो.

आइन्स्टाइन नाव इथे पुन्हा पुन्हा भेटतं. शेवटचं दफन झीगबेर्ट आइन्स्टाइन यांचं, 1968 चं. ते तेरेझिएनश्टाटच्या नाझी छावणीतून जिवंत परतले आणि गावचे उपमहापौर झाले. वंशवेल काढणाऱ्यांनी आल्बर्टची दुसरी पत्नी एल्साकडे लक्ष द्यावं. ती माहेरचीही आइन्स्टाइनच: दोघांचे आजोबा भाऊ आणि दोघांच्या आया बहिणी. तिचं नाव आधी लोवेंथाल झालं, मग पुन्हा आइन्स्टाइन. नोंदीत ‘जन्मनाव’ आणि ‘विवाहनाव’ हे रकाने न तपासता वेल जोडली तर इथे एक माणूस दोनदा मोजला जातो.

गावातलं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, 1839 चं होतं आणि त्याला घंटा होती, ही अपवादाचीच गोष्ट. नोव्हेंबर 1938 मध्ये ते जाळलं गेलं. जागेवर आता स्मारक आहे, दहा मिनिटं लागतात. बसला वेळ उरला तर फेडरझेच्या बोरूतून तळ्यापर्यंत जाणारी सुमारे दीड किलोमीटरची लाकडी वाट आहे. जायला-यायला तासभर धरावा, आणि पावसानंतर फळ्या निसरड्या होतात.