काँप्युटरात पाणी कित्याक?

माझ्या काँप्युटरला मी वॉटर कूलिंग बसवतोय, म्हणजे त्याची उष्णता नळ्यांतल्या पाण्याने बाहेर काढणार आहे. पण ते थंडाव्यासाठी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटेल आणि उरलेल्यांशी नीट भांडता येईल.

विचारणारे तेच आणि प्रश्नही तेच. आई म्हणते, ‘रे बाबू, काँप्युटरात पाणी कित्याक? करंट मारतलो मा!’ पुण्यातले मित्र म्हणतात, तेवढ्या पैशात प्रोसेसरवर बसणारे पंख्याचे दोन-तीन चांगले एअर कूलर येतील, पाणी फिरवणाऱ्या नळ्यांचा लूप कसला बांधतोस? ज्या आर्किटेक्टांची रेंडरिंगची (बांधायच्या घरांची चित्रं काँप्युटरवर काढायची) कामं करतो ते म्हणतात, सरळ एसी लाव की. आणि सगळ्यांचं शेवटचं पालुपद एकच : समुद्राच्या तोंडावर राहतोस, हवेत आधीच एवढं पाणी, त्यात आणखी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच, सविस्तर.

पाण्याने काँप्युटर खोलीपेक्षा थंड होत नाही. होऊच शकत नाही. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक बसतो, त्यातून जाणारं पाणी उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन हवेला देतं आणि परत येतं. हवा ३३ अंश असेल तर पाणी ३३च्या खाली उतरणार नाही. लूप चांगला बांधला तर दहाएक अंश वरच राहील. म्हणजे मे महिन्यात माझ्या लूपमध्ये ४३-४४ अंशांचं पाणी फिरणार. आंघोळीला काढावं इतकं कढत. म्हणूनच ‘नळ्यांना घाम फुटेल’ ही भीतीही फुकटची. घाम गार वस्तूला फुटतो, आणि ह्या नळ्या खोलीपेक्षा गरमच असणार.

‘पण तूच तर म्हणायचास ना, वॉटर कूलिंग म्हणजे नुसता दिखावा?’ हो, म्हणायचो. कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी कित्येकांना ह्या नादापासून परत फिरवलंय. नुसत्या प्रोसेसरचा प्रश्न असेल तर मोठा एअर कूलर आणि कस्टम लूप यांच्यात फरक पडतो थोड्या अंशांचा, किमतीत पडतो काही पटींचा, आणि एअर कूलर गळत नाही. हा हिशोब तेव्हा बरोबर होता, आजही आहे. त्या माणसाशी माझं भांडण एवढंच, की त्याच्या खिडकीबाहेर पौड रोड होता. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी आलो तो इथलाच झालो. मालवणच्या खाली, देवबागच्या पट्टीवर घर; एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. वारा कुठूनही आला तरी खाराच.

आता कार्डाची, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची गोष्ट. ती ऐकल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, आणि ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. अर्ध्यावरच माझा आवाज चढतो.

३०८० कार्ड, ३२० वॅटचं. कार्डांच्या टंचाईच्या काळात भाव आभाळाला भिडले होते, ते खाली येईपर्यंत दम धरून घेतलेलं. वॉरंटी तीन वर्षांची. ती संपायला बराच अवकाश असताना, ऐन आषाढात, एका बंगल्याचं रेंडर चाललं होतं आणि पडद्यावर रंगीत ठिपके उमटले. बंद करून चालू केलं, तर ठिपक्यांचे चौकोन झाले. मग पडदा काळा. पंखे फिरत होते, दिवे लागत होते, चित्र नव्हतं. ते काम दुसऱ्याच्या मशीनवर गेलं, पैसेही त्याच्याकडे गेले. ते एक असो.

कार्ड मूळ खोक्यात घातलं, खोका टॉवेलात गुंडाळला, कुडाळला कोकणकन्या पकडली आणि रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो. सकाळी मुंबईत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक तरुण पोरगा होता. त्याने कार्ड उलटंपालटं केलं, दिव्याखाली धरलं, भिंग लावलं आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं. पंख्यांच्या मागे, फिन्सच्या (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या) कडेला हिरवट डाग. मॉनिटरची वायर लागते तिथे पांढरी पूड. पत्र्याच्या पट्टीवर तांबूस गंज. ‘सर, सी-साइडला राहता का?’

मी मोठ्या उत्साहाने ‘हो, मालवण’ म्हणालो. पुढे काय येतंय ते कळलंच नाही. त्याने फोटो काढले, काहीतरी टाइप केलं आणि कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला : करोजन, वॉरंटीत बसत नाही. मी म्हणालो, अहो, मी ह्यावर पाणी सांडलेलं नाही, खोललेलं नाही, सील बघा. तो म्हणाला, सील बरोबर आहे सर, पण गंज हा वापरातला दोष धरतात. मी विचारलं, वापर म्हणजे काय, श्वास घेणं? आख्ख्या किनाऱ्याला तुम्ही कार्ड विकता, वॉरंटी मात्र फक्त घाटावर? माझा आवाज चढला होता. मागच्या रांगेतली माणसं बघत होती. त्याने मला पाण्याचा ग्लास दिला आणि हळूच म्हणाला, ‘सर, सिस्टीममध्ये मला ऑप्शनच दोन आहेत. माझं गाव राजापूर. आमच्याकडे टीव्ही पण असेच जातात.’

त्यावर काय बोलणार? तो माझ्याच बाजूचा निघाला आणि तरीही काही उपयोग नव्हता. त्या दिवसाचा राग मला अजून कुणावर काढायचा ते ठरवता आलेलं नाही. पोरावर निघत नाही, कंपनीला चेहरा नाही, आणि समुद्र आमच्याआधीपासून तिथे आहे.

तिथून लॅमिंग्टन रोडला गेलो. एका जिन्याखाली चिप बदलून देणारा एक कारागीर बसतो. त्याने हीटसिंक, म्हणजे त्या फिन्सचा ठोकळा, काढला, बोर्ड अल्कोहोलने धुतला, काही बारीक भाग बदलले. कार्ड जिवंत झालं. पण कामाची गोष्ट त्याने केली ती वेगळीच. उघडा बोर्ड माझ्यापुढे धरून म्हणाला, डाग कुठे आहेत बघा. जिथे पंख्याचा झोत थेट पडतो तिथे मिठाची आणि धुळीची चिकट साय, खाली हिरवं. जिथे हीटसिंकने झाकलेलं, तिथे बोर्ड नवाकोरा. माझ्याच पंख्यांनी खारा वारा ओढून ओढून कार्डाला चारला होता. मी जितकं जास्त थंड ठेवायला जात होतो, तितकं जास्त मीठ आत येत होतं.

ह्यात गूढ काही नाही. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी काय होते ते तुम्ही पाहता. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं, आणि इथे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या वरच असते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं, म्हणजे आमच्याकडे ते कधी सुकतच नाही. खारट पाण्यातून वीज जाते. अर्ध्या मिलिमीटरवर असलेल्या दोन टोकांमध्ये असा थेंब बसला की काम संपलं. आईला मी हेच सांगतो : करंट मारणारं पाणी काँप्युटरात आधीच आहे, मी ते बाहेर ठेवायची खटपट करतोय.

तर बेत असा. काँप्युटरचा डबा जवळजवळ बंद. आत हवा आतल्याआत फिरवायला दोन मंद पंखे आणि सिलिका जेलच्या पुड्या. प्रोसेसरवर ब्लॉक, कार्डावर ब्लॉक. उष्णता घेऊन नळ्या चिऱ्याच्या भिंतीतून पडवीत, आणि तिथे ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर. कार्डाचे ३२० आणि प्रोसेसरचे पूर्ण भरात १४२ मिळून साडेचारशेच्या वर वॅट होतात. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याच्या जागेमागे साधारण शंभर वॅट धरले तर दोन्ही रेडिएटरवरचे मिळून सहा पंखे पुरतात. खारा वारा खायचाच असेल तर तो पडवीतल्या पंख्यांनी खावा. ते गंजले की काढून नवे लावायचे. कार्डाच्या मानाने ती चिल्लर. समुद्राला हरवायला मी निघालेलो नाही. त्याने कुठे चावायचं एवढं मला ठरवायचंय.

‘पण पंप एवढ्या लांब पाणी चढवेल?’ हा प्रश्न घराघरात विहिरीचा पंप असल्यामुळे येतो. विहिरीचा पंप पाणी वर नेऊन सोडून देतो, त्याला सगळं वजन उचलावं लागतं. इथे फेरा बंद आहे. जेवढं पाणी चढतं तेवढंच दुसऱ्या नळीतून उतरतं, वजन वजनाला फिटतं, उरतं ते नळीतलं घर्षण. एक साधा डी-५ पंप पुरेसा आहे. फक्त पहिल्यांदा भरताना टाकी पंपाच्या वर हवी, कारण हा पंप कोरडा फिरला की मेला.

बाबांनी विचारलं, आपल्या विहिरीचं पाणी चालेल का? नाही. क्षार आहेत. गॅरेजवाल्याकडचं बॅटरीचं पाणी चालेल, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घालून. (बाटलीवरचं लेबल नीट वाचून, त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं.) रेडिएटर तांब्या-पितळेचे. स्वस्तातले ॲल्युमिनियमचे निघतात आणि एकाच पाण्यात तांबं नि ॲल्युमिनियम आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नळ्या काळ्या रबरी, आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर. काचेसारख्या कडक नळ्या आणि रंगीत पाणी ज्यांना बघायचंय त्यांनी दुसरीकडे बघावं. आमच्याकडे उंदीर आहेत आणि त्यांना कशाची चव आवडेल सांगता येत नाही, एवढं मात्र मी आर्किटेक्टांना सांगत नाही.

आता एसी. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. एसी हवा कोरडी करतो, आणि कोरडी हवा हेच ह्या दुखण्यावर खरं औषध. पण तो चालू असेपर्यंत. मे २०२१मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा इथली वीज कधी आली ते आठवा. वादळ सोडा, साधी सर आली तरी लाइट जाते. २३ अंशांवर गार झालेली खोली, लाइट गेली म्हणून उघडलेल्या खिडक्या, आणि २५-२६ अंशांना दव धरणारी बाहेरची हवा. घाम फुटायला ह्याहून चांगली तयारी कोणती? शिवाय एसीच्या बाहेरच्या युनिटची ॲल्युमिनियमची जाळी ह्या वाऱ्यात कशी भुगा होते, ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलच्या मागे जाऊन बघा.

शेजारचे काका ट्रॉलरवरच्या वायरिंगची कामं करतात. त्यांचं म्हणणं, ‘वॉर्निश मार रे त्याका.’ हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सर्किट बोर्डांवर लाखेसारखा थर खरोखरच मारतात. पण कार्ड जिथे बोर्डात बसतं त्या स्लॉटच्या पट्ट्यांवर तो मारता येत नाही, आणि गंज तिथूनच शिरतो. तरी बाकी बोर्डाला मारायचा की नाही हे मी ठरवलेलं नाही. काका रोज विचारतात.

गळतीचं काय? गळेल तर गळेल, पण आधी तपासून. सुरुवातीला बाकी सगळ्याची वीज तोडून एकटा पंप दिवसरात्र चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवायचा. पंपाच्या फेऱ्यांची वायर प्रोसेसरच्या पंख्याच्या जागी लावायची, म्हणजे पंप थांबला तर बोर्ड ओरडेल. वॉरंटी जाईल, असं एकाने काळजीने सांगितलं. ती गेली. कार्ड उघडायची माझी भीती त्या काउंटरवरच संपली.

आणि जिथे माझ्याकडे उत्तर नाही ते हे : पॉवर सप्लाय. त्याला स्वतःचा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढणारच. पुण्यातल्या मित्राने हे एका ओळीत विचारलं आणि मी त्याच्याशी तासभर वाद घातला. बिनपंख्याचे मिळतात, महाग. साधा लावला तर डब्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून त्याला गंजू द्यायचा, हा माझा आजचा पवित्रा. मग मित्र म्हणतो, म्हणजे तुझा बंद डबा बंद नाही. नाहीच तो. कार्डाचा झोत थांबेल, एवढंच मी म्हणतोय. तेवढ्याने किती वर्षं मिळतील, हे तो विचारतो तेव्हा मी विषय बदलतो.

भिंतीला भोक गणपतीनंतर, पावसाची झड थांबली की. बाबांची अट आहे : भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेव, नाहीतर पाणी आत येईल. इतक्या सल्ल्यांत एवढा एक मी वाद न घालता घेतला. पंप आणि रेडिएटर येतील. कार्डाचा ब्लॉक मात्र अजून मागवलेला नाही. तो फक्त ह्याच कार्डाला बसतो, बाहेरून येतो, त्यावर कस्टम्स ड्युटी पडते, आणि कार्ड एकदा मरून उठलेलं आहे. मित्र म्हणतो, विकून टाक आणि कमी वॅटचं नवं घे. आधीच्या मालकाचं घर कुठे होतं असं गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगू, असं मी त्याला विचारलंय. त्याचं उत्तर यायचंय.