साडेबावीस मिनिटं

(माजी विद्यार्थी, दहावी १९९३)

शाळेच्या वार्षिक अंकात माझं नाव कधी छापून आलं नाही. गॅदरिंगला मी पडदा ओढायचो. त्यामुळे स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर काय लिहू, असा प्रश्नच आला नाही. शाळेच्या वर्षांत मी मन लावून केलेलं काम एकच, कॅसेट भरणे.

तेव्हा 'कॅसेट भरणे' असंच म्हणत. दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की भरून मिळायची. आम्हाला ते परवडणारं नव्हतं, पण आमच्यातल्या एकाकडे दोन कॅसेटी लागणारा डेक होता. त्याचं नाव डेकवाला. दुसरा कॅम्पातून सायकलवर पेठेत यायचा, येताना मेन स्ट्रीटवरून नवी नावं उचलून आणायचा. तिसरा तबला शिकायचा, त्याला आम्ही ठेका म्हणायचो. चौथा मी. सी-९० कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, बाजू दोन आणि माणसं चार. म्हणजे प्रत्येकी साडेबावीस मिनिटं. गणिताच्या तासाला शिकलेल्याचा इतका काटेकोर उपयोग मी पुढे आयुष्यात केला नाही.

भांडणं सगळी त्यावरूनच. मी पिंक फ्लॉइडचं 'मनी' घेतलं, ते सहा मिनिटांच्या वर जातं. "तेवढ्यात माझी दोन बसतात," म्हणून कॅम्पवाला चिडला. त्याचा जीव निर्वाणा आणि मेटॅलिकावर. १९९१ साली दोघांचेही अल्बम आलेले, त्यामुळे त्याला साडेबावीस मिनिटं पुरणं शक्यच नव्हतं. शेवटचं गाणं त्याने नेहमी मधेच तुटू दिलं, पण कमी केलं नाही.

भरलेली कॅसेट आठवडाभर एकाकडे राहायची. प्रवास डब्याच्या पिशवीतून. तिच्या कार्डावर 'बाजू ब' या अक्षरांवर लोणच्याच्या तेलाचा डाग आहे, तो माझ्या डब्याचा. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, तुटली तर ब्लेडने टोकं साफ कापून सेलोटेपने जोडायची. 'मनी'च्या सुरुवातीचा नाण्यांचा खळखळाट आणि गल्ल्याचा आवाज असाच टेपचे तुकडे कापून, जोडून, गोल फिरवत केलेला आहे, हे पुढे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. आमच्या जोडावर मात्र गाणं उडी मारायचं.

ते गाणं मी घेतलं, पण समजावलं ठेक्याने. नववीचा ऑफ तास. डेकवाल्याचा वॉकमन, एक कान ठेक्याला, एक मला. त्याचं बोट बाकावर चालू. "सात मात्रा आहेत रे," तो म्हणाला. मग कपाळाला आठ्या. तबल्यातला रूपक तालही सातच मात्रांचा, पण तीन-दोन-दोन. इथे वजन भलतीकडेच पडतंय. सॅक्सोफोन होईपर्यंत बोट बरोबर चाललं. पुढे गिटार सुरू झाली आणि हा मोजता मोजता अडखळला, परत मोजलं, आणि कानात इयरफोन असल्याचं विसरून ओरडला, "चार झाल्या!"

शेजारच्या वर्गातले सर आले. काय ऐकताय, म्हणाले. ठेका उभा राहिला. "सर, रूपकासारखं आहे, पण रूपक नाही."

दोघेही वर्गाबाहेर. वॉकमन वर्ष संपताना मिळाला. (त्यातली बॅटरी वितळलेली होती, त्याबद्दल माझी तक्रार अजून आहे.)

फंक, म्हणजे अमेरिकेतलं नाचायला लावणारं संगीत, हे ठेक्याचंच खातं. जेम्स ब्राउनचं पहिलं गाणं ऐकून तो म्हणाला, "हा समेवर मारतो." रॉकमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते, ती आम्हाला सवयीची. इथे ड्रम, बेस, ब्रास सगळे पहिल्या ठोक्यावर, म्हणजे समेवर, येऊन पडत होते. ब्राउन आपल्या वादकांना 'द वन' सांभाळा म्हणून सांगायचा, हे आम्हाला कळायला पुष्कळ वर्षं गेली. ठेक्याला ते पेठेतल्या एका खोलीत, नववीत कळलं होतं. स्टीव्ही वंडरच्या 'सुपरस्टिशन'वर, १९७२चं गाणं, तो तिहाई मारून, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर यायचा. बसायचीही.

डेकवाल्याकडे केबल आलेली. स्टारवर एमटीव्ही लागायचं, आणि त्याला आर.ई.एम.चं 'लूझिंग माय रिलिजन' हवं होतं. आम्ही मराठी माध्यमाची पोरं, भाषांतर केलं 'माझा धर्म बुडतोय' आणि गंभीर झालो. अमेरिकेच्या दक्षिणेत ते डोकं फिरायची वेळ येण्याबद्दल म्हणतात, हे कोणाला ठाऊक! त्यातलं मेंडोलिन मात्र लगेच ओळखीचं वाटलं. जुन्या हिंदी गाण्यांतून ते कानात होतंच. कॅसेट कुठे मिळेना, तेव्हा टीव्हीसमोर टू-इन-वन ठेवला, पंखा बंद केला, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबलं. चौघे श्वास रोखून. गाणं अर्ध्यावर आलं आणि स्वयंपाकघरातून काकू,

"किती शिट्ट्या झाल्या रे?"

डेकवाल्याने डोक्याला हात लावला. ठेका मोजतच होता, दुसरं काय करणार. "तीन!"

पुन्हा भरायचं ठरलं, पण ते गाणं परत लागायची वाट पाहत बसायला दहावीने वेळ दिला नाही. बाजू ब, चौथं गाणं, तसंच राहिलं.

गेल्या दिवाळीत डेकवाल्याकडे जमलो होतो. त्याच्या मुलीने फोनवरून स्पीकरला तेच गाणं लावलं, स्वच्छ, कंपनीचं. ती जागा आली आणि आम्ही तिघे, पन्नाशीला टेकलेले, एका सुरात ओरडलो. बायका बघत राहिल्या. ठेक्याने चकलीवरून मान वर न करता सांगितलं, "तीन."