वॉर्डातली नोटरी

नोटरी म्हणलं की लोकांना रेशनकार्डाचं अ‍ॅफिडेव्हिट, नावातला बदल आणि भाडेकरार एवढंच आठवतं, आणि माझं टेबल पण त्याच्यावरच चालतंय. त्यामुळं सोलापुरातल्या अक्कलकोट रोडकडच्या एका काकूंनी येऊन "ह्यांना दवाखान्यात लिव्हिंग विलवर सही करायचीय, याल का" असं विचारलं तेव्हा मी आधी टायपिस्टकडं बघितलं. लिव्हिंग विल म्हणजे पुढं स्वतःला सांगता येईना झालं तर कुठले उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा कागद. आपल्याकडं त्याचा फॉरमॅटच नव्हता. रात्री बसून सुप्रीम कोर्टाची ऑर्डर वाचली आणि सोप्या मराठीत दोन पानं तयार केली.

काकांचे पूर्वी टॉवेलचे लूम होते, घरात तेलुगू, बाहेर मराठी. पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला पण डोकं एकदम साफ. माणूस आपल्या मर्जीनं सही करतोय हे मला बघावं लागतं म्हणून मी म्हणलं सगळ्यांनी जरा बाहेर थांबा, पण जनरल वॉर्डात बाहेर कुणाला काढणार, पडदा ओढला तरी शेजारच्या कॉटवर सगळं ऐकू जातंच. मी वाचायला सुरुवात केली. अर्ध्यातच काका म्हणाले, "वकीलसाहेब, ह्यात इंजेक्शनचं कुठंय?"

म्हणलं काका, इंजेक्शनचं नाहीये. आपल्याकडं इंजेक्शन देऊन मारणं गुन्हाच आहे, पेशंट हात जोडून मागत असला तरी. नेदरलँड्स, बेल्जियममध्ये २००२ पासून ते कायदेशीर आहे, कॅनडात २०१६ पासून, आपल्याकडं नाही. आपल्याकडं काय आहे तर, बरं व्हायची आशा उरली नाही आणि तुम्हाला स्वतःला काही सांगता येत नाही अशी अवस्था आली तर मशीन लावू नका, लावलं असलं तर काढा, एवढं आधी लिहून ठेवता येतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कित्येक वर्षं बेशुद्ध अवस्थेत पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये २०११ ला कोर्टानं पहिल्यांदा दार किलकिलं केलं, तेव्हा हायकोर्टाची परवानगी लागायची. २०१८ ला लिव्हिंग विलला मान्यता मिळाली पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही पाहिजे होती, आता कोण पेशंट कोर्टाच्या पायऱ्या चढणार? जानेवारी २०२३ ला ती अट गेली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी नाहीतर गॅझेटेड ऑफिसर. म्हणून तर मी इथं आलोय.

"म्हणजे नको म्हणायची परवानगी आहे, द्या म्हणायची नाही," काका म्हणाले. कायदा शिकलेल्या माणसाला पण इतकं थोडक्यात सांगता येत नाही राव.

सिस्टर सलाईन बघायला आल्या होत्या, त्या मधेच बोलल्या, परवा रात्री हेच काका मला मारून टाका म्हणून ओरडत होते, डॉक्टरांनी मॉर्फीन वाढवलं आणि सकाळी चहाबरोबर ब्रेड मागत होते. काका हसले. पण म्हणाले, "दुखणं थांबलं हे खरं. भीती दुखण्याची नाहीये ना."

भीती कशाची ते मुलगा आल्यावर कळलं. मुलगा पुण्याहून आलता, आधी त्याला वाटलं घर कुणाच्या नावावर करायलेत, कागद वाचला तर अजूनच भडकला, लोक म्हणतील पोरानं पैशे वाचवायला बापाकडून लिहून घेतलं. काकांनी त्याला तेलुगूत काहीतरी सुनावलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. त्यांच्या आईला आयसीयूत ठेवलं होतं, घशात नळी, नळी ओढू नये म्हणून हात कॉटला बांधलेले, भेटायला रोज पाच मिनिटं. त्या बिलात दोन लूम गेले. "लूमचं दुःख नाही, पण ती डोळ्यानं हात सोडा म्हणत होती आणि मी काचेच्या बाहेर."

मुलगा गप्प बसला. पटलं असं मला तरी वाटलं नाही.

एव्हाना पडद्याचा काही उपयोग राहिला नव्हता. पलीकडं कुंभारीच्या एक विडी कामगार आजी होत्या, त्या म्हणाल्या देव नेईल तेव्हा जायचं, त्याला कागद कशाला. जरा वेळानं मलाच विचारलं, "पण ती गळ्यातली नळी नको, एवढंच लिहिता येतंय का?" समोरच्या कॉटवरचे रिटायर्ड गुरुजी, विनोबांनी १९८२ ला औषध-पाणी सोडलं, त्यांना कुठं नोटरी लागला, म्हणून मला ऐकवत होते. बरोबर आहे, पण विनोबा शुद्धीत होते आणि भोवतीची माणसं त्यांचं ऐकणारी होती.

मला सगळ्यात टोचलं ते कोपऱ्यातल्या पोराचं. तिशीचा असेल, गुटख्यानं जिभेचा कॅन्सर झालेला, बोलता येत नव्हतं. त्यानं मोबाईलवर टाईप करून दाखवलं: मला मशीन पण पाहिजे, सगळं पाहिजे, पोरगी लहान आहे. मग खाली, बिल भरलं नाही तर असला कागद दाखवून मशीन काढतील का?

त्याला नीट समजावलं. तुझी सही नसेल तर तुझ्यावर असला कागद कुणी चालवू शकत नाही. आणि कागद असला तरी आधी उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ बघणार, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर, मग घरच्यांची संमती, मॅजिस्ट्रेटला कळवणं. त्यानं मान हलवली, पण मोबाईल खाली ठेवला नाही. माझ्या मते त्याचा प्रश्न त्या ऑर्डरपेक्षा मोठा आहे. ज्याच्याकडं पैशे नाहीत त्याचं मशीन काढायला कुठं बोर्ड बसतंय, नातेवाईकच रात्री डिस्चार्ज घेऊन जीपमधून गावाला नेतात, त्याची कुठल्या रजिस्टरला नोंद नसते.

काकांनी सही केली. निर्णय घ्यायला काकू आणि भाचा यांची नावं घातली, मुलाचं मुद्दाम नाही घातलं, "त्याच्याच्यानं नाही म्हणवणार नाही" म्हणून. रद्द कधीही करता येतं हे मी त्यांना दोनदा सांगितलं. एक कॉपी त्यांच्या फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेत जमा करायला दिली.

नंतर काकूंचा फोन आला, काका घरीच वारले, मॉर्फीन चालू होतं, कागदाची वेळच आली नाही. आणि आता त्या आजींची सून ऑफिसला येऊन गेलीय, नळीपुरता कागद करायचाय म्हणून. आजी घरी तेलुगूच बोलतात, मराठी बोललेलं कळतं पण वाचून दाखवलेलं कायद्याचं मराठी कळेल याची मला खात्री नाही, त्यामुळं ही दोन पानं घरगुती तेलुगूत करून देणारं सोलापुरात कुणी असेल तर सांगा, पुस्तकी तेलुगू नको.