फ्लोरेन्समध्ये पावलं बघत

फ्लोरेन्सच्या दगडी फरसबंदीनं दुसऱ्याच दिवशी माझ्या टाचेला फोड आणला. त्यामुळेच की काय, चित्रांतही माझी नजर आधी पायांकडे जायला लागली.

उफ्फिझी कलासंग्रहालयात एकाच दालनात तीन भव्य मेरी आहेत : चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या चित्रकारांच्या. पहिल्या दोघी सोनेरी पार्श्वभूमीवर अधांतरी. जोत्तोची मेरी मात्र सिंहासनावर बसलीय, म्हणजे खरोखरच बसलीय. वस्त्राखालून तिचे गुडघे जाणवतात. प्रबोधनकाळाच्या शंभरेक वर्षं आधीची ही चाहूल. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढे एवढी गर्दी, की ती मला लोकांच्या मोबाइलवरच जास्त दिसली.

तिसऱ्या दिवशी आर्नो नदी ओलांडून लंगडत सांता मारिया देल कार्मिने चर्च गाठलं. तिथल्या ब्रांकाच्ची चॅपलचं तिकीट ठरावीक वेळेचं, घड्याळ लावूनच आत सोडतात. १७७१च्या आगीत चर्चचा बराच भाग जळाला, हे चॅपल वाचलं.

शिरतानाच समोरासमोरच्या दोन खांबांवर आदम आणि ईव्ह. उजवीकडची जोडी मासोलिनोची : देखणी, शांत, जमिनीशी काही देणंघेणं नसलेली. डावीकडे स्वर्गातून हाकललेली तीच जोडी मासाच्चोनं काढलीय. आदमनं दोन्ही तळहातांत तोंड लपवलंय, पोट आत ओढलं गेलंय. ईव्हचं तोंड उघडं, डोळ्यांच्या नुसत्या काळ्या फटी. आणि पाय! चालणाऱ्या माणसाचे, भार पेलणारे पाय, मागे त्यांच्या सावल्या. पुढे कुणाला तरी लाज वाटली म्हणून दोघांच्या अंगावर पानं रंगवली गेली होती. १९८०च्या दशकातल्या साफसफाईत ती पुसून टाकली.

मग सावल्यांचा मागोवा घेतला. वेदीमागे खरी खिडकी आहे. भिंतींवरच्या चित्रांतला उजेड त्याच खिडकीच्या दिशेनं येतो! खिडकीशेजारच्या चित्रात सेंट पीटर रस्त्यानं चाललाय, नजर सरळ पुढे, आणि त्याची नुसती सावली पडून पांगळे बरे होताहेत. मला तर हा चमत्कार चित्रकाराचाच वाटला. यथार्थदर्शनाचं, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याचं, गणित वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं नुकतंच मांडून दाखवलं होतं. मासाच्चोनं त्यात हाडामांसाची माणसं उभी केली. हे काम १४२५च्या सुमाराचं. १४२८मध्ये तो रोममध्ये वारला, तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. ही चित्रं गिरवायला नंतर मायकेलअँजेलोही इथे यायचा. इथेच तोरिजानो नावाच्या सोबत्यानं ठोसा मारून त्याचं नाक मोडलं, अशी हकीकत आहे.

त्यामुळे शेवटच्या दिवशी अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्याही पायांपाशीच जाऊन थांबलो. सतरा फूट उंचीचा हा संगमरवरी पोरगा १५०४मध्ये पुरा झाला. आपल्या विठोबासारखा तो समचरण नाही. सगळा भार उजव्या पायावर, डावा सैल सोडलेला. त्यामुळे कंबर एकीकडे कलते, खांदे दुसरीकडे. चित्रकार भाराचा भास निर्माण करतो, इथे मात्र साडेपाच टनांच्या आसपास दगड खरोखरच त्या पायांवर उभा आहे. मी वाकून पाहिलं. उजव्या पायामागे आधाराला दगडातच कोरलेला झाडाचा बुंधा आहे, आणि त्या बुंध्यावर, घोट्याच्या उंचीला, केसाएवढ्या बारीक भेगा.