वादळानंतर भुंगेऱ्यांच्या जाती वाढल्या, मग चांगलंच ना?

घरून फोन आला की हमखास विचारतात, जर्मनीत जाऊन जंगलात नेमकं करतेस काय? तर सांगते, मी भुंगेरे मोजते. जमिनीवर धावणारे, रात्री शिकार करणारे भुंगेरे, इथे त्यांच्या साडेपाचशेच्या वर जाती आहेत.

आमचं काम हार्झच्या डोंगरात चालतं. खाणींना लाकूड लागायचं म्हणून इथे पिढ्यान् पिढ्या स्प्रूस हे एकच सूचिपर्णी झाड लावत गेले. मग 18 जानेवारी 2018 ला फ्रीडरिके वादळ आलं, ब्रोकन शिखरावर वारा ताशी 203 किमी, झाडं आडवी, आणि त्याच उन्हाळ्यात दुष्काळ, पुढची दोन वर्षंही कोरडीच. तहानलेल्या स्प्रूसला सालीत शिरणारे किडे थोपवता येत नाहीत, त्यामुळे जी वादळात वाचली होती ती उभ्या उभ्या वाळली. डोंगरच्या डोंगर करडे झालेत, बघून पोटात कालवतं खरंच.

पण मला सांगायचंय ते खालच्या जमिनीबद्दल. भुंगेरे धावताना आत पडावेत म्हणून आम्ही कप मातीत असे पुरतो की कडा बरोबर जमिनीला लागते, वर पावसासाठी छोटं छप्पर, आत टिकवायचं द्रावण. दर दोन आठवड्यांनी कप काढायचे आणि जाती ओळखायच्या. कॅराबस या मोठ्या भुंगेऱ्यांच्या गटातल्या सगळ्या जातींना इथे कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय हे करता येत नाही.

आता वादळाने झाडं पडली की ऊन थेट जमिनीवर येतं, गवत वाढतं, आणि अमारा, हार्पालुससारखे उघड्या जागेतले भुंगेरे उडत येऊन पोचतात. यादी लांबते! कागदावर विविधता वाढलेली दिसते आणि कोणालाही वाटेल की झालं ते बरंच झालं. मला हा निष्कर्ष अजिबात मान्य नाही. कारण सावलीतल्या मोठ्या जाती, म्हणजे चार सेंटीमीटरपर्यंत वाढणारा काळा कॅराबस कोरियासियस किंवा सोनेरी हिरवा ऑरोनायटेन्स, यांच्यातल्या बहुतेकांचे उडायचे पंख खुरटलेले असतात, सावली गेली की त्या कमी होतात, चालत जाणार तरी किती लांब? आलेले बहुतेक असे आहेत की जे शेताच्या बांधावरही सापडतात. गेलेल्यांना परत यायला सलग जंगल लागतं.

दुष्काळ तर वेगळ्याच पद्धतीने मारतो. झाडं उभी असतात, वरून सगळं ठीक वाटतं, पण पालापाचोळा खालपर्यंत सुकतो आणि अंडी, अळ्या तिथेच असतात, त्यांची कातडी मऊ, ओल गेली की संपलं. वसंतात वीण असलेल्या जातींच्या अळ्या नेमक्या उन्हाळ्यात वाढतात, त्यांना फटका जास्त. शिवाय गोगलगायी आणि गांडुळं, म्हणजे यांचं खाणं, तेही कोरड्यात कमी होतं. मोठे कॅराबस दोन-तीन वर्षं जगू शकतात, त्यामुळे दुष्काळी वर्षात कपात प्रौढ दिसतच राहतात आणि आकडा पडतो तो पुढच्या वर्षांत, जेव्हा पाऊस बरा झालेला असतो आणि सगळे दुष्काळ विसरलेले असतात.

अजून एक भानगड म्हणजे कपात किती सापडले यावरून किती आहेत ते सरळ कळत नाही. उबदार रात्री भुंगेरा जास्त धावतो म्हणून जास्त पडतो, फार कोरडं झालं की खोल जाऊन बसतो. त्यामुळे एका उन्हाळ्याच्या आकड्यावर बातमी बनवणाऱ्यांचा मला राग येतो, वर्षानुवर्षं त्याच जागी मोजत राहिलं तरच काही बोलता येतं.

वादळ आणि दुष्काळ आपल्या हातात नाहीत, पण नंतर काय करायचं ते आहे. पडलेलं झाड मुळासकट उपटलं की खाली खड्डा होतो, त्यात ओल टिकते, आणि ऑरोनायटेन्ससारखे भुंगेरे हिवाळा कुजक्या लाकडात काढतात. मशीन लावून सगळं साफ केलं की खड्डा, लाकूड, सावली सगळंच जातं. नॅशनल पार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी खोडं तशीच ठेवतात, बाहेरच्या जंगलात मात्र सालीतले किडे पसरतील म्हणून उचलतात. ताज्या खोडांबाबत ती भीती खरी आहे, मालकांचं नुकसानही खरं आहे. पण साल गळून गेलेल्या वाळक्या खोडात ते किडे वाढतच नाहीत, तेव्हा निदान ती तरी राहू द्यावीत, एवढं आम्ही भेटेल त्या प्रत्येक वनरक्षकाला सांगतो आणि काहीजण ऐकतातही.