समुद्रावर लिहिलेली अक्षरे

वेंगुर्ले, शनिवार रात्र

आजची सगळी संध्याकाळ मॅकडोनाल्ड गिल यांनी रेखाटलेल्या ‘टी रिव्हाइव्ज द वर्ल्ड’ या १९४० सालच्या जगाच्या नकाशाची छापील प्रत न्याहाळण्यात गेली. चहाचा खप वाढावा म्हणून महायुद्धाच्या ऐन धामधुमीत काढलेली ही जाहिरात; पण भूभागांवर आणि समुद्रांवर चहाची चित्रे आणि बारीक अक्षरांतल्या नोंदी अशा काही विणल्या आहेत की, नजर एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आपोआप जात राहते.

गिल (१८८४–१९४७) व्यवसायाने वास्तुविशारद होते आणि अक्षरलेखन ते एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडे शिकले. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१४ मध्ये त्यांनी केलेल्या ‘वंडरग्राउंड मॅप’ने त्यांचे नाव झाले. १९३७ मध्ये त्यांनी ब्रिटिश टपाल खात्यासाठी जगभरच्या टपालबोटींच्या मार्गांचा नकाशाही काढला. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या समाधिशिलांवरील अक्षरांचे वळणही त्यांचेच, हे कळल्यापासून त्यांच्या चित्रांपेक्षा अक्षरांकडेच माझे लक्ष अधिक जाते. जाहिरात असो वा मृत सैनिकाचे नाव, अक्षर सुवाच्य आणि नेटकेच असले पाहिजे, ही निष्ठा मला फार मोठी वाटते.

ही निष्ठा साम्राज्याच्या व्यापारासाठी राबली, हेही नजरेआड करता येत नाही. तरीही समुद्र ही नकाशातली रिकामी जागा नव्हे, ही त्यांची दृष्टी आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना जवळची आहे. मुंबईहून किनाऱ्याने येणारी प्रवासी बोट चालू होती तेव्हा कोकणची खरी वाट समुद्रातूनच जात असे. पावसाळ्यात ती बंद पडे आणि कित्येक बंदरांत उतारूंना होडीतूनच किनारा गाठावा लागे. जगाच्या नकाशात या बंदरांना जागा मिळणार नाही, हे उघडच आहे.

म्हणून त्या बोटीच्या वाटेचा नकाशा आपणच हाताने काढावा, असे मनाने घेतले आहे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे किनाऱ्याच्या वळणावर चढवली, तर शिरोरेषा वाकून वाचायला त्रास होईल. तेव्हा ती पश्चिमेला, समुद्रावर आडवी लिहायची आणि बोटीची रेघ त्यांच्याही पलीकडून न्यायची, असे ठरवले आहे. पावसाळ्याचे बंद महिने कसे दाखवावेत, ते मात्र अजून सुचलेले नाही.